अमेरिकेत 'रो' गेलं तसं आपल्याकडचा गर्भपाताचा कायदा जाऊ शकतो का?

मृण्मयी_के
ऑफिसात गेले काही दिवस यावर जोरदार वाद चालू आहे, इथे वकील पण आहेत आणि डॉक्टर पण, म्हणून विचारते. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'रो विरुद्ध वेड' (गर्भपाताचा घटनात्मक हक्क देणारा तिथला 1973 चा निकाल) रद्द केलं तेव्हा आपल्याकडे सगळे कॉलर ताठ करून सांगत होते, आपण बघा किती पुढे, 1971 पासून कायदा आहे, कुठलाच पक्ष त्याविरुद्ध ब्र काढत नाही वगैरे. आणि मग ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने 26 आठवड्यांच्या एका बाईला, जिला आधीची दोन मुलं होती आणि बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधं चालू होती, तिला आधी परवानगी दिली आणि आठवड्याभरात ती परत फिरवली. तेव्हा नक्की काय झालं ते बातम्यांवरून मला कळलंच नाही.

तर प्रश्न असा की भारतात बाईला गर्भपाताचा हक्क आहे का, की डॉक्टरने हो म्हटलं तर परवानगी, एवढंच आहे? आणि उद्या एखाद्या सरकारला वाटलं तर ते हे काढून घेऊ शकतं का? राजकारणात याच्यावर कुणी बोलतच नाही हे चांगलं की वाईट तेही सांगा. व्हॉट्सॲप छाप उत्तरं नकोत प्लीज, ती ऑफिसात भरपूर मिळतात.

तारखेवर_तारीख
वकील आहे, कोर्टात अशा दोन-चार याचिका जवळून बघितल्यात त्यामुळे थोडं लांबेल, वाचायचं तर वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिका आणि आपण यांची रचनाच उलटी आहे. तिकडे 1973 मध्ये कोर्टाने राज्यघटनेतून हक्क काढून दाखवला, संसदेने म्हणजे काँग्रेसने तसा कायदा कधी केलाच नाही, त्यामुळे 2022 ला 'डॉब्स'च्या (म्हणजे ज्याने 'रो' रद्द केलं त्या) निकालात न्यायमूर्तींच्या बहुमताने घटनेत असं काही नाहीच म्हटल्यावर खालून जमीनच गेली आणि विषय एका फटक्यात राज्यांकडे. आपल्याकडे आधी कायदा आला. 1964 मध्ये केंद्राने समिती नेमली, अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचेच तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा, त्यांचा अहवाल 1966 ला आला आणि त्यावरून 1971 चा एमटीपी कायदा, म्हणजे आपला गर्भपाताचा कायदा, झाला, अंमल 1 एप्रिल 1972 पासून. कोर्टाने हक्काची भाषा करायला नंतर कितीतरी वर्षं लागली.

आता लोकांना माहीत नसलेला भाग. गर्भपात हा आपल्याकडे मुळात गुन्हा आहे. होय, आजही. 1860 च्या भादंविचं कलम 312 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ते कलम 88 झालं, मजकूर जवळपास तोच, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत, आणि स्वतः गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात धरलेली. एमटीपी कायदा हा त्या गुन्ह्यातून सूट देतो, आणि ती सूट मिळते डॉक्टरला. नोंदणीकृत डॉक्टरने प्रामाणिकपणे असं मत बनवलं की गर्भ ठेवला तर बाईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक प्रकृतीला धोका आहे किंवा मुलात गंभीर व्यंग असेल, तर त्याला गुन्हा लागत नाही. बाईने 'मला नकोय' म्हणणं हे कायद्यात कुठेही पुरेसं कारण म्हणून लिहिलेलं नाही, पहिल्या आठवड्यातसुद्धा नाही. घर तुमचं, राहताय तुम्ही, पण किल्ली डॉक्टरच्या खिशात, असला प्रकार आहे.

2021 च्या दुरुस्तीने काय केलं तर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, 20 ते 24 ला दोघांचं आणि तेही ठरावीक गटातल्या बायकांनाच (बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग वगैरे), 24 च्या पुढे फक्त गर्भात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. जीव वाचवायचा असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. आणि एक खरंच चांगलं केलं, गर्भनिरोधक फेल गेलं या कारणासाठी आधी 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' असे शब्द होते ते काढून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' केलं.

मग 29 सप्टेंबर 2022 ला न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की 20 ते 24 च्या गटातून अविवाहित बाईला वगळता येणार नाही, आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कार हाही बलात्कारच धरायचा. डॉब्सनंतर जेमतेम तीन महिन्यांनी आलेला निकाल आहे हा, त्यामुळे कॉलर ताठ होणं साहजिकच होतं.

पण हक्काचा पाया जिथून धरतात ती केस 2009 ची, सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन. गंमत बघा, त्यात बाईला गर्भपात नकोच होता. सरकारी संस्थेत राहणारी गतिमंद मुलगी, तिच्यावर तिथेच बलात्कार झालेला, हायकोर्टाने गर्भपाताचा आदेश दिला आणि ती म्हणत होती मला मूल हवंय. सुप्रीम कोर्टाने तिचं ऐकलं आणि म्हटलं की मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवणं राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतं. आणि त्याच निकालात, अगदी जवळच्याच परिच्छेदात असंही आहे की जन्माला येऊ शकणाऱ्या जिवाचं रक्षण करण्यात राज्यालाही रस आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना लागणारं सामान एकाच निकालात आहे. 2022 ला एका बाजूचं वापरलं गेलं, 2023 ला दुसऱ्या.

तर तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर, संसद साध्या बहुमताने कायदा बदलू शकते. पूर्ण काढून टाकला तर कलम 21 आणि 2017 चा प्रायव्हसीचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल यावरून तो कोर्टात टिकवणं सरकारला जड जाईल. पण पूर्ण काढायची कुणाला गरजच नाहीये, आणि माझी काळजी तीच आहे. आपल्याकडे हे एका दिवसात जाणार नाही, फॉर्मात, सहीत, तारखेत थोडं थोडं जाईल. गेलं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही.

गोगलगाय
वाचतेय. कलम 88 मध्ये स्वतः बाई पण येते हे खरंच माहीत नव्हतं. मेडिकलमधून गोळी आणून घेणाऱ्या पण मग त्यात?

ओपीडी_संपली
@गोगलगाय, कागदावर हो. प्रत्यक्षात बाईवर केस क्वचितच होते, पण भीती असते, आणि ती भीती बाईपेक्षा दुकानदाराला आणि डॉक्टरला जास्त असते.

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या ठिकाणी. वकीलसाहेबांनी शेवटी 'थोडं थोडं जाईल' म्हटलंय, मी सांगते की आमच्याकडे ते बरंचसं जाऊन झालंय.

काही महिन्यांपूर्वी एक मुलगी आली होती, बावीस-तेवीसची, नोकरी करणारी, लग्न झालेलं नाही, सोबत मैत्रीण. तिच्याकडे पारदर्शक प्लास्टिकची फाइल होती, त्यात आधार कार्ड, दहावीचं मार्कशीट (वय दाखवायला, कुणीतरी मागितलं होतं), कंपनीचं आयकार्ड, सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट आणि एक चिठ्ठी ज्यावर कुठल्यातरी रिसेप्शनवरच्या बाईने पेनने लिहिलं होतं 'मिस्टर + लग्नाचा दाखला'. पहिला रिपोर्ट 15 आठवड्यांचा, माझ्या टेबलवर आली तेव्हा 21 सुरू होता. मधले दिवस ती एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होती. 15 ला एका डॉक्टरच्या मतावर झालं असतं, 21 ला मला दुसरा डॉक्टर शोधावा लागला ज्याची सही करायची तयारी आहे, आणि तालुक्याला असा माणूस शोधणं म्हणजे काय ते इथल्या डॉक्टरांना विचारा. झालं शेवटी, पण फाइल बंद करताना तिने ती चिठ्ठी फेकली नाही, परत आत ठेवली, म्हणाली अजून कुणी मागितली तर.

कायद्यात नवऱ्याची सही लागत नाही. कधीच लागत नव्हती. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. तरी दहातल्या कित्येक ठिकाणी मागतात, कारण उद्या नवरा गुंड घेऊन आला तर काय. माझ्या व्यवसायातल्या लोकांना मी पूर्ण दोष देणार नाही, पण त्यांचं समर्थनही करणार नाही.

दुसरं पीसीपीएनडीटी. लिंगनिदानविरोधी कायदा हवाच, महाराष्ट्राने 1988 ला देशात सगळ्यात आधी केला आणि त्याची गरज होतीच, 2011 च्या जनगणनेत राज्यात 0 ते 6 वयात हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, बीडमध्ये 807. पण बीडची मुलींचे गर्भ पाडल्याची प्रकरणं बाहेर आल्यावर धाडी पडल्या त्या सोनोग्राफी सेंटरपुरत्या राहिल्या नाहीत, गर्भपाताच्या गोळ्या ठेवणाऱ्या मेडिकलवाल्यांचे पण हिशोब तपासायला लागले. गोळ्यांनी होणारा गर्भपात नियमाप्रमाणे 9 आठवड्यांपर्यंतचा. 9 आठवड्याला सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही हो! तरी त्याच गोळ्यांवर डोळा. शेवटी दुकानदाराने ठेवणंच बंद केलं, कशाला डोक्याला ताप. आणि ठेवतो तो चिठ्ठीशिवाय, काउंटरखालून, किती घ्यायच्या कधी घ्यायच्या ते न सांगता देतो.

तिसरं पॉक्सो, म्हणजे अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. सतरा वर्षांची मुलगी, मुलगा एकोणीसचा, दोघांच्या मर्जीने झालेलं. माझ्याकडे आली की मला पोलिसांना कळवणं सक्तीचं, नाही कळवलं तर मला शिक्षा. 2022 च्या निकालात मुलीने किंवा पालकांनी विनंती केली तर तिचं नाव कळवू नका असं कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, पण पोलीस स्टेशनला फोन केला की पहिला प्रश्न 'नाव काय?' आईबाप हे ऐकून उठून जातात आणि मग परत दिसत नाहीत. कुठे गेले असतील ते मला माहीत आहे.

सदाशिव_का
सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे, शांतपणे मांडतो, तुटून पडू नका.

सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 26-28 आठवड्यांचं मूल आज एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जगतं. 2023 च्या त्या केसमध्ये एम्सच्या डॉक्टरनेच कळवलं होतं ना की गर्भ जगू शकण्याच्या अवस्थेत आहे, हृदयाचे ठोके थांबवायचे की नाही ते कोर्टाने स्पष्ट सांगावं. न्यायमूर्तींना तिथे अडखळावंसं वाटलं तर त्यात बाईविरुद्ध काय आहे? दोन महिला न्यायमूर्तींच्या खंडपीठातच मतभेद झाले तेव्हा हा प्रश्न बाई विरुद्ध पुरुष असा नाहीये. आणि 1971 चा कायदा स्त्रीमुक्तीसाठी आला असं कुणी समजू नये, तेव्हा सरकारला लोकसंख्येची चिंता होती. ज्या राज्यात मुली पोटातच संपवल्या गेल्या तिथे 'मागेल तिला' अशी मोकळीक दिली तर सासरचे लोक तिच्याकडून मागवून घेतील, हा माझा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला अजून कुणी नीट दिलेलं नाही.

लिफीकाठची
मी डब्लिनला असते, बरीच वर्षं झाली. सदाशिवकाका, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर इथली गोष्ट सांगते कारण ती आपल्या बेळगावच्या मुलीची आहे.

आयर्लंडने 1983 मध्ये सार्वमत घेऊन घटनेत आठवी दुरुस्ती घातली, गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान. साधारण दोन तृतीयांश लोकांनी तेव्हा हो म्हटलं होतं, त्यात दुष्ट कुणी नव्हतं, सगळे तुमच्यासारखंच म्हणत होते की जिवाचा विचार करा. ऑक्टोबर 2012 मध्ये सविता हलप्पनवार, 31 वर्षांची डेंटिस्ट, 17 आठवड्यांची गरोदर, गॉलवेच्या हॉस्पिटलात आली. गर्भपात आपोआप सुरू झालेला, बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत. पण ठोके चालू होते, म्हणून गर्भ काढून टाकायला नकार, कारण कायदा म्हणत होता जीव धोक्यात असेल तरच, नुसती प्रकृती धोक्यात असून चालणार नाही. आता प्रकृतीचा धोका संपून जिवाचा कधी सुरू होतो हे थर्मामीटर लावून कुणी सांगावं? सेप्सिस झाला, 28 तारखेला गेली.

2018 च्या सार्वमताआधी बेळगावहून तिच्या वडिलांनी इथल्या लोकांना हो म्हणायचं आवाहन केलं होतं. निकालाच्या दिवशी डब्लिनमध्ये भिंतीवर काढलेल्या तिच्या चित्रापाशी मी पण गेले होते, चित्राभोवती लोकांनी चिठ्ठ्या चिकटवलेल्या, सॉरी सविता, सॉरी वुई वेअर टू लेट, एकावर एक, भिंत दिसत नव्हती. 66.4 टक्क्यांनी दुरुस्ती गेली. पस्तीस वर्षांत दोन तृतीयांश इकडचे दोन तृतीयांश तिकडे. आता 12 आठवड्यांपर्यंत कारण विचारत नाहीत, पण मध्ये तीन दिवस थांबायची अट आहेच, त्यावर अजून भांडण चालू आहे.

उलटंही होतं म्हणा. पोलंडमध्ये ऑक्टोबर 2020 ला घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातल्या व्यंगाचं कारणच रद्द केलं, लाखो लोक रस्त्यावर आले, 2023 ला सरकार बदललं, तरी 2024 च्या जुलैत नव्या सरकारला गर्भपाताला मदत करणं गुन्ह्यातून काढायचं साधं विधेयकही पास करता आलं नाही, अगदी थोडक्यात पडलं, स्वतःच्याच आघाडीतल्या लोकांमुळे. एकदा गेलं की परत आणणं किती अवघड असतं त्याचं हे उदाहरण. फ्रान्सने बहुतेक त्यावरूनच धडा घेतला, मार्च 2024 मध्ये 780 विरुद्ध 72 मतांनी थेट घटनेतच घातलं.

मृण्मयी_के
बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. अमेरिकेत सध्या नक्की काय चाललंय ते कुणी थोडक्यात सांगेल का? तिकडे म्हणे निवडणुकीत लोक हक्काच्या बाजूने मत देतात आणि सरकार मात्र विरोधातलं निवडतात, हे कसं काय?

कॅन्सससिटी_मराठी
मी सांगतो, राज्याच्या बरोबर सीमेवर राहतो, एका बाजूला कॅन्सस दुसऱ्या बाजूला मिसुरी, दोन्हीकडचा तमाशा बघितलाय.

डॉब्सनंतर सुमारे डझनभर राज्यांत जवळपास पूर्ण बंदी आहे. पण लोकांना थेट विचारलं की निकाल वेगळा येतो. ऑगस्ट 2022, कॅन्सस, पक्कं रिपब्लिकन राज्य, हक्क काढायची घटनादुरुस्ती सुमारे 59 टक्क्यांनी फेटाळली. 2023 ला ओहायोत हक्क घटनेत घातला. 2024 ला मिसुरीने घातला, त्याच मतपत्रिकेवर ट्रम्पलाही भरभरून मतं. लोकांचं म्हणणं साधं आहे, हा प्रश्न वेगळा सोडवून झाला ना, मग राष्ट्राध्यक्ष महागाईवर निवडू. ट्रम्पनेही एप्रिल 2024 मध्ये 'राज्यांवर सोडा' म्हणून अंग काढून घेतलं होतं. आणि मिसुरीच्या विधिमंडळाने काय केलं, लोकांनी दिलेला तोच हक्क रद्द करायचा प्रस्ताव नोव्हेंबर 2026 च्या मतदानाला ठेवला. फ्लोरिडात तर 57 टक्के हो म्हणाले तरी हरले कारण तिथे 60 लागतात. तेव्हा नियम कोण ठरवतो हे मताइतकंच महत्त्वाचं.

खरी लढाई आता गोळ्यांवर आहे. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी आपल्या डॉक्टरांना संरक्षण देणारे कायदे केलेत, ते पोस्टाने बंदी असलेल्या राज्यांत गोळ्या पाठवतात. विरोधकांनी मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीची परवानगीच रद्द करा म्हणून केस केली, जून 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ती काढली, पण गोळ्या सुरक्षित आहेत म्हणून नाही, तर तुम्हाला केस करायचा अधिकार नाही म्हणून. म्हणजे दार उघडंच. काही जण 1873 चा कॉमस्टॉक कायदा उकरून काढायच्या मागे आहेत, अश्लील वस्तू टपालाने पाठवू नका असा तो कायदा, त्यात गर्भपाताचं साहित्यही येतं आणि तो कधी पूर्ण रद्दच केला नाही. जुनी कलमं पुस्तकात पडून राहिली की असं होतं, तुमचं ते 88 पण लक्षात ठेवा.

तारखेवर_तारीख
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे. 2023 ला भादंवि बदलताना सरकारला संधी होती, सगळं नव्याने लिहितोय म्हणत होते, तेव्हा किमान बाईला तरी गुन्ह्यातून बाहेर काढायचं. संसदेत त्यावर धड चर्चासुद्धा झाली नाही. मृण्मयी, 'पक्ष बोलत नाहीत हे चांगलं की वाईट' त्याचं उत्तर हे. भांडण नाही म्हणून बंदीची मागणी नाही हे चांगलं, पण भांडण नाही म्हणून कुणी सुधारणाही मागत नाही. मुंबई हायकोर्टात 2008 ला डॉ. निखिल दातार एका 26 आठवड्यांच्या पेशंटसाठी गेले, तेव्हा मर्यादा 20 होती, हायकोर्टाने नाही म्हटलं. ती 24 व्हायला 2021 उजाडलं. तेरा वर्षं.

सदाशिवकाका, तुमचा सासरच्यांचा प्रश्न रास्त आहे, टोलवत नाही. पण जबरदस्तीने गर्भपात करवणं हा वेगळा आणि खूप मोठा गुन्हा आहेच, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि आज डॉक्टरच्या मताची अट आहे म्हणून सासरच्यांना अडतंय का कुठे? ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्यांना सही मिळते. अडते ती फाइल घेऊन एकटी फिरणारी मुलगी. 2015 सालच्या आकड्यांवरचा जो मोठा अभ्यास 'लॅन्सेट'च्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता त्यात देशात वर्षाला अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात धरले होते आणि त्यातले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे चारातल्या तीन बायका आपल्या त्या सुंदर कायद्याच्या बाहेरच उभ्या आहेत.

आणि 24 आठवड्यांनंतरचं म्हणाल तर कोर्टंही एका सुरात बोलत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये मुंबई हायकोर्टात न्या. गौतम पटेल यांच्या खंडपीठाने 32-33 आठवड्यांना, गर्भाच्या मेंदूत गंभीर दोष होता, मेडिकल बोर्ड नको म्हणत असताना परवानगी दिली आणि सांगितलं की निवड करायचा हक्क बाईचा आहे, बोर्डाचा नाही. एप्रिल 2024 ला मुंबईच्याच चौदा वर्षांच्या मुलीची केस, हायकोर्ट नाही म्हणालं, सुप्रीम कोर्ट हो म्हणालं, मग आईवडिलांनी धोक्याच्या काळजीने विचार बदलला आणि कोर्टाने आदेश मागे घेतला. बलात्कार झालेल्या मुलीला 25 व्या आठवड्यात काहीच मार्ग नाही, बोर्डसुद्धा नाही, कारण बोर्ड फक्त व्यंगासाठी. कोर्ट हाच मार्ग, आणि कोणत्या बेंचसमोर नंबर लागतो त्यावर सगळं. याला तुम्ही कायदा म्हणाल की नशीब?

माझ्या मते पुढच्या काही वर्षांत तीन ठिकाणी काय होतं ते बघत राहा: कलम 88 मधून बाई बाहेर पडते का, किमान 12 आठवड्यांपर्यंत तिची इच्छा एवढंच कारण पुरेसं ठरतं का, आणि पॉक्सोतलं संमतीचं वय. शेवटच्या मुद्द्यावर ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी सुप्रीम कोर्टात 16 ते 18 मधल्या मर्जीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळा असं 2025 मध्ये मांडलंय, केंद्राचा विरोध आहे.

सदाशिव_का
जबरदस्तीवाला मुद्दा पटला. 30 आठवड्यांचं अजून पटत नाही, आणि पटेल असं वाटत नाही. पण 15 आठवड्याला लग्नाचा दाखला मागणं हे चूकच.

ओपीडी_संपली
काका, 30 आठवड्याचं मलाही सोपं जात नाही, कुठल्याच डॉक्टरला जात नाही. पण हौस म्हणून उशिरा येणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. मुलांतले दोष दाखवणारी सोनोग्राफीच 18 ते 20 आठवड्यांना होते, त्यात शंका आली की पुढची तपासणी, तिच्या रिपोर्टला अजून दोन-तीन आठवडे, मग मोठ्या शहरात दुसरं मत. तोवर 24 कुठे आले ते कळतच नाही. सुरुवातीला अडवणं बंद करा, शेवटच्या केसेस आपोआप कमी होतील.

गोगलगाय
डॉक्टर, एक प्रॅक्टिकल प्रश्न. कुठल्या हॉस्पिटलने नवऱ्याची सही किंवा दाखला मागितलाच तर समोर नेमकं काय म्हणायचं? मैत्रिणीसाठी विचारतेय, खरंच मैत्रिणीसाठी.

ओपीडी_संपली
आवाज न चढवता 'फॉर्म सी द्या' म्हणायचं, तो संमतीचा फॉर्म आहे आणि वय 18 च्या वर असेल तर त्यावर तिचीच सही लागते. एमटीपी कायदा, कलम 3, पोटकलम 4, एवढं पाठ करून जा, नुसतं म्हटलं तरी समोरच्याचा सूर बदलतो. तरी नाही म्हणाले तर नकार लेखी मागायचा, बहुतेक जण तो देत नाहीत आणि मग काम करून टाकतात. वाद घालण्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा. तिचं नाव कुणाला सांगायचं नाही हेही कायद्यातच आहे, कलम 5ए, फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद. आणि किती आठवडे झालेत ते आधी मला मेसेज करून सांग, आजच.